जुन्या मोटरसायकलचा पुढचा शॉकअप सुधारताना: आरएक्स १०० च्या पिढीतल्या चिमट्याचं पायरीपायरीने काम

यामाहा आरएक्स १०० चा पुढचा भाग उड्या मारायला लागला की डिस्क ब्रेकवाला जाडजूड चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, दुसऱ्या गाडीचा काढून बसवावा, हाच विचार बहुतेकांच्या मनात आधी येतो. तो विचार थोडा बाजूला ठेवा. १९८५ ते १९९६ या काळात विकल्या गेलेल्या या गाडीचा मूळ चिमटा गाडीच्या वजनाला पुरेसा आहे. तो आज वाईट चालतो, कारण त्याचे पाइप वाकलेले असतात, स्प्रिंगा बसलेल्या असतात, तेल काळं पाणी झालेलं असतं आणि कोनसेटमध्ये (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगमध्ये) खळगे पडलेले असतात. या चार गोष्टी नीट केल्या आणि स्प्रिंग स्वतःच्या वजनाला जुळवली, तर गाडी ओळखू येणार नाही इतकी सुधारते.

दुसऱ्या गाडीचा चिमटा म्हणजे दुसऱ्या लांबीचे पाइप, दुसऱ्या मापाचा टी (पाइप धरणारा आडवा भाग), बेअरिंगची वेगळी मापं, वेगळं चाक आणि वेगळी स्पीडोमीटर केबल. शिवाय हँडलच्या दांड्यापासून पाइप किती पुढे धरले आहेत हे अंतर बदललं की गाडीचं वळणंच बदलतं. कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. पाइपाच्या आतली स्प्रिंग, तेल आणि सील हे मूळ चिमट्याच्या देखभालीचंच काम आहे.

इथली पद्धत आत डॅम्पर रॉड (भोकांतून तेल जाऊ देऊन हालचाल मंद करणारी दांडी) असलेल्या साध्या टेलिस्कोपिक चिमट्यांसाठी आहे. आरएक्स, सीडी १०० आणि त्यांच्या बरोबरीच्या बहुतेक गाड्या यात येतात. जुन्या बुलेटच्या चिमट्यातली रचना वेगळी असल्याने खालचं खोलणं-जोडणं तिला लागू नाही. मोजमापाचा भाग मात्र तिलाही चालेल.

पाना हातात घेण्याआधी मोजा

आधी टायरची हवा पुस्तकात दिल्याइतकी करा. हवा कमी असलेला टायर अगदी खराब शॉकअपसारखाच वागतो.

मग सॅग मोजा, म्हणजे गाडी स्वतःच्या आणि तुमच्या वजनाने किती खाली बसते ते. एका पाइपावर सीलच्या लगत प्लास्टिकचा टाय बांधा किंवा सरळ स्टील पट्टीने मोजा. पुढचं चाक हवेत असताना डस्ट सीलपासून खालच्या टीपर्यंतचं अंतर घ्या. समजा ते १५० आलं. आता हेल्मेट-बूट घालून नेहमीसारखे बसा आणि मागून कोणाला तरी गाडी सरळ धरायला सांगा. मदतनीसाने पुढचा भाग थोडा दाबून हळू सोडावा आणि माप घ्यावं. मग तोच भाग थोडा उचलून हळू सोडावा आणि पुन्हा माप घ्यावं. समजा ही मापं १०२ आणि ११० आली. सरासरी १०६, म्हणजे सॅग ४४ मिमी.

दोन मापांतला ८ मिमीचा फरक म्हणजे पाइप आणि बॉटम (पाइप ज्यात सरकतो तो खालचा नळा) यांच्यातलं घर्षण. तो १५ च्या पुढे गेला तर पाइप वाकलाय, चिमटा पिळलाय किंवा सील कोरडं पडलंय. अशा वेळी स्प्रिंग बदलून काही हाती लागत नाही.

रस्त्यावरच्या गाडीला स्वारासह सॅग एकूण हालचालीच्या ३० ते ३५ टक्के असावा. चिमट्याची हालचाल ११० मिमी असेल तर ३३ ते ३८. मागच्या उदाहरणातला ४४ म्हणजे गाडी आधीच खाली बसलेली. पुढचा खड्डा गिळायला जागाच उरलेली नाही.

स्प्रिंग किती कडक हवी, याचा हिशेब

बाजारात ‘हेवी ड्युटी’ म्हणून मिळणाऱ्या स्प्रिंगेचा आकडा कोणी सांगत नाही, म्हणून तो स्वतःच काढायचा. घरातला वजनकाटा पुढच्या चाकाखाली ठेवा, मागच्या चाकाखाली तेवढ्याच उंचीची फळी ठेवा आणि गाडीवर बसा. साधारण १०० किलोची गाडी आणि ७५ किलोचा स्वार धरला तर पुढे ८० किलोच्या आसपास आकडा येतो. त्यातून चाक, ब्रेक ड्रम आणि दोन्ही बॉटम यांचं वजन वजा करा, कारण ते स्प्रिंगेवर बसत नाही. ते सुमारे १२ किलो धरू. उरले ६८. चिमटा तिरका असल्याने त्याच्या दिशेने यातलं सुमारे ९० टक्केच येतं, म्हणजे ६१ किलो.

आता हवा असलेला सॅग ३५ मिमी आणि बसवतानाचा दाब (टोपी लावताना स्प्रिंग आधीच जितकी दबते ते) १५ मिमी, मिळून ५०. ६१ भागिले ५० म्हणजे मिलिमीटरला १.२२ किलो. स्प्रिंगा दोन, म्हणून प्रत्येकी ०.६१ किलो. तुमचं वजन ९५ असेल किंवा मागे रोज माणूस बसत असेल तर आकडा वेगळा येईल. म्हणूनच मित्राच्या गाडीतली स्प्रिंग तुमच्या गाडीला जुळेलच असं नाही.

तुमच्या स्प्रिंगेचा आकडाही वजनकाट्यावरच काढता येतो. ड्रिल मशिनच्या स्टँडखाली काटा ठेवा आणि त्यावर स्प्रिंग उभी करा. ती वाकू नये म्हणून आतून एक नळी घाला. डोळ्यांना चष्मा लावून २० मिमी दाबा, वजन वाचा. मग ४० मिमीपर्यंत दाबा, पुन्हा वाचा. दोन वजनांतला फरक भागिले २० हा तिचा आकडा. आणखी दाबल्यावर आकडा वाढत गेला तर वेढे एका बाजूला जवळ-जवळ आहेत आणि स्प्रिंग चढत्या ताकदीची आहे.

आता मापाची तयार स्प्रिंग मिळाली तर उत्तम. पुण्याच्या नाना पेठेत किंवा तुमच्या शहरातल्या सुट्या भागांच्या बाजारात जाताना लांबी, बाहेरचा व्यास आणि तारेची जाडी कागदावर लिहून न्या. नाहीच मिळाली तर मूळ स्प्रिंग कापून कडक करता येते. वेढे कमी झाले की स्प्रिंग त्याच प्रमाणात कडक होते. तुमच्या स्प्रिंगेला ४४ कामाचे वेढे आहेत आणि आकडा ०.५० आहे असं धरा. ८ वेढे कापले, ३६ राहिले, तर नवा आकडा ०.५० गुणिले ४४ भागिले ३६, म्हणजे ०.६१. कमी झालेली लांबी स्पेसरने, म्हणजे स्प्रिंगेवर ठेवायच्या नळीच्या तुकड्याने, भरून काढायची.

पण इथेच लोक चुकतात. चिमटा पूर्ण दबला असताना वेढे एकमेकांना टेकता कामा नयेत. तार ३.५ मिमीची असेल तर टोकांचे दोन धरून ३८ वेढे टेकले की १३३ मिमी होतात. त्यात पूर्ण हालचाल आणि बसवतानाचा दाब मिळून १२५ मिमी मिळवा, मोकळ्या जागेसाठी १० मिमी मिळवा. कापलेली स्प्रिंग मोकळी असताना २६८ मिमीपेक्षा आखूड असेल तर ती वापरू नका. टेकलेली स्प्रिंग म्हणजे लोखंडी दांडा, आणि खड्ड्यातला सगळा मार मग पाइपाला आणि कोनसेटला बसतो. वेढे कमी झाले की उरलेल्या प्रत्येक वेढ्यावर ताणही वाढतो, म्हणून पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका. चढत्या स्प्रिंगेला जवळच्या वेढ्यांच्या बाजूने कापतात, आणि कापल्यावर आकडा पुन्हा काट्यावरच तपासायचा. तिला वरचं प्रमाण तंतोतंत लागू होत नाही. कापायला पातळ डिस्क वापरा आणि अधूनमधून पाणी मारा. गॅसने कापली तर तिथल्या तारेचं पाणी जातं. कापलेलं टोक ग्राइंडरवर सपाट करा आणि ते वर, स्टील वॉशरच्या बाजूला येईल असं बसवा.

लागणारं सामान

ऑईल सील दोन, डस्ट सील दोन, खालच्या एलन बोल्टाचे तांब्याचे वॉशर दोन, वरच्या टोपीच्या ओ-रिंगा दोन, फोर्क ऑईल, कोनसेट, ग्रीस. सीलवर ३०-४०.५-१०.५ असे आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. जुन्या सीलवरचे आकडे वाचून तेच मागा. नुसतं ‘आरएक्सचं सील’ म्हणून मागितलं तर कोणत्याही मापाचं हातात पडतं. स्पेसरसाठी जाड भिंतीचा पीव्हीसी पाइप चालतो. लेथवाल्याकडून नायलॉनचा करून घेतला तर जास्त टिकतो. स्पेसर आणि स्प्रिंग यांच्यामध्ये स्टीलचा वॉशर हवाच, नाहीतर तार प्लास्टिकमध्ये रुतते.

खोलण्याचा क्रम

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि इंजिनाखाली फ्रेमच्या भक्कम भागाला लाकडी ठोकळा द्या, सायलेन्सरला नको. चाक काढण्याआधी दोन बोल्ट सैल करायचे असतात. वरच्या टीची पकड सैल करा, खालची घट्ट राहू द्या आणि टोपी पाव आटा सैल करा. पाइप बाहेर काढल्यावर टोपी सोडवायला धरायला जागा उरत नाही. खालचा एलन बोल्टही आत्ताच एक आटा सैल करा. तो डॅम्पर रॉडला धरतो, आणि आतली स्प्रिंग रॉडला दाबून ठेवते म्हणूनच तो सुटतो. स्प्रिंग काढल्यावर रॉड बोल्टाबरोबर गोल फिरत बसतो.

मग चाक, मडगार्ड आणि पाइप काढा. टोपी सोडवताना तोंड पाइपावर नको, कारण आतली स्प्रिंग दाबलेली असते. काही गाड्यांत बोल्टाऐवजी तारेच्या सर्क्लिपने अडकवलेलं बूच असतं. ते एकाने दाबून धरायचं आणि दुसऱ्याने सर्क्लिप काढायची.

तेल पांढऱ्या डब्यात ओता आणि उजेडात बघा. चहासारखं दुधट दिसलं तर पाणी शिरलंय. कोकणात पावसाळाभर चाललेल्या गाडीत हे हमखास दिसतं. चंदेरी झाक दिसली तर ॲल्युमिनियमच्या बॉटमची झीज चालू आहे. राखाडी गाळ मात्र वर्षानुवर्षं तेल न बदललेल्या प्रत्येक गाडीत असतोच.

डॅम्पर रॉड बाहेर आला की त्याच्या खालच्या टोकावर एक छोटा निमुळता तुकडा असतो. बॉटम धुताना तो रॉकेलच्या डब्यात हरवतो, आणि बरेच चिमटे त्याच्याविनाच जोडले जातात. चिमटा पूर्ण दबताना शेवटच्या टप्प्यात तेल कोंडून धरायचं काम हाच तुकडा करतो. तो नसला की प्रत्येक मोठ्या खड्ड्यात लोखंडावर लोखंड आपटतं. रॉडच्या डोक्यावरची रिंग आणि त्याखालची आखूड स्प्रिंगही तपासा.

जुनं सील निघत नसेल तर बॉटमवर उकळतं पाणी ओता. स्क्रू ड्रायव्हरला कापड गुंडाळून सील उचका. बॉटमच्या कडेला ओरखडा पडला तर नवं सील तिथूनच गळेल.

पाइप: इथे घाई नको

जाड काचेवर पाइप लोळवा आणि खालून येणारी उजेडाची फट बघा. फट कमी-जास्त होत असेल तर लेथवाल्याकडे व्ही-ब्लॉकवर डायल लावून मोजून घ्या. डायलवर दिसणारा फरक वाकाच्या दुप्पट असतो. वाक ०.२ मिमीच्या आत असेल तर चालेल. त्याहून जास्त असेल तर हायड्रॉलिक प्रेसवर सरळ करता येतो. पण जिथे वाकलाय तिथे चुणी किंवा क्रोमला भेग दिसत असेल, तर तो पाइप टाकून द्या. सरळ केलेली चुणी तिथेच पुन्हा दुमडते.

सीलच्या पट्ट्यात गंजाचे खड्डे असतील तर नवं सील महिनाभरही टिकत नाही. मीठ-हवेत राहणाऱ्या गाड्यांत हे खड्डे ठराविक जागी, म्हणजे गाडी उभी असताना सीलच्या लगेच वर पडतात. बंपरला करतात तो शोभेचा क्रोम इथे निरुपयोगी आहे. पाइप घासून, हार्ड क्रोम करून पुन्हा मापात ग्राइंड करावा लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या यंत्रकामाच्या भागात असं काम करणारे भेटतात. नाहीतर चांगला नवा पाइप घ्या.

या वर्गातल्या बऱ्याच चिमट्यांत वेगळा बुश नसतो, पाइप थेट बॉटममध्ये सरकतो. पाइप पूर्ण ताणून बॉटम पुढे-मागे हलवा. खडखड जाणवली तर बॉटमच झिजलाय. नव्या पाइपाने ती जाणार नाही.

जोडणी आणि तेल

सगळं रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवा. डॅम्पर रॉड आणि निमुळता तुकडा बसवून, नव्या तांब्याच्या वॉशरसह खालचा बोल्ट लावा. घट्ट करताना स्प्रिंग तात्पुरती आत दाबून धरा. बोल्ट २० न्यूटन-मीटरच्या आसपास बसतो, पण तुमच्या गाडीच्या पुस्तकातला आकडा असेल तर तोच पाळा.

सील चढवताना पाइपाच्या वरच्या काठावर दुधाच्या पिशवीचा तुकडा ओढून घ्या आणि त्याला ग्रीस लावा. पाइपाच्या धारदार काठावर सीलची ओठासारखी कडा एकदा चिरली की ती दुरुस्त होत नाही. स्प्रिंगेची बारीक कडी असलेली बाजू खाली, तेलाकडे. सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढ्या पीव्हीसी नळीने चहूबाजूंनी सारखं ठोका. सील पुरतं बसलं की ठोक्याचा आवाज बदलतो.

तेलाच्या जाडीबद्दल एक लक्षात ठेवा. १० डब्ल्यू, १५ डब्ल्यू या आकड्यांत कंपन्यांमध्ये एकवाक्यता नाही. एकीचं १० दुसरीच्या १५ एवढं जाड असू शकतं. एकच ब्रँड धरून ठेवा आणि त्यातच वर-खाली करा. सुरुवात १० डब्ल्यूने करा. इंजिन ऑईल घालू नका. थंडीच्या सकाळी ते इतकं घट्ट असतं की चिमटा हलतच नाही.

डॅम्पर रॉडची मर्यादाही समजून घ्या. तेल ठराविक भोकांतून जातं. चिमटा सावकाश हलतो तेव्हा विरोध जवळजवळ नसतो, आणि वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर तो झुकतो आणि त्याच गाडीला तीक्ष्ण खड्डा हातात लागतो. जाड तेलाने झुकणं कमी होतं, पण खड्डा आणखी टोचतो. या दोन्ही तक्रारी एकदम हव्या तशा मिटवायला रॉडच्या डोक्यावर बसणारे झडपेचे तुकडे मिळतात. त्यांच्यासाठी रॉडच्या खालच्या भागात किमान ८ मिमीची ६ भोकं करावी लागतात, काठ गुळगुळीत करावे लागतात आणि झडपेच्या उंचीएवढा स्पेसर कमी करावा लागतो. पाइपाचा आतला व्यास मोजल्याशिवाय ते मागवू नका. रोजच्या वापराला योग्य स्प्रिंग आणि ताजं तेल बहुतेकांना पुरतं.

पुस्तकात दिलेलं तेल ओता, पाइप १०-१५ वेळा सावकाश खाली-वर करा आणि १० मिनिटं उभा ठेवा म्हणजे हवेचे बुडबुडे निघतात. आता स्प्रिंग न घालता पाइप पूर्ण दाबा आणि वरच्या काठापासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंत पट्टीने मोजा. पुस्तकात आकडा नसेल तर १४० ते १५० मिमीने सुरुवात करा. सुईऐवजी बारीक नळी लावलेल्या सिरिंजने तेल काढा-घाला. आतला व्यास २४ मिमीचा असेल तर १० मिमी पातळी म्हणजे साधारण ४.५ मिलिलिटर. दोन्ही पाइपांत २ मिमीपेक्षा जास्त फरक नको. वरची कोंडलेली हवा ही तिसरी स्प्रिंगच आहे. अंतर कमी केलं की चिमटा शेवटच्या टप्प्यात कडक होतो, पण फारच कमी केलं तर दाब सीलवर येतो आणि सील उलटतं.

स्प्रिंग, वॉशर, स्पेसर घाला. पाइप पूर्ण ताणलेला असताना टोपी बसवायला १५ मिमी दाबावं लागेल इतका स्पेसर कापा, दोन्ही टोकं काटकोनात.

कोनसेट आणि सरळ रेषा

पाइप बाहेर असतानाच हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मध्यावर कट्कन अडकलं तर कपांत खळगे पडलेत आणि कोनसेट बदलावाच लागेल. गोळ्या काढताना वरच्या-खालच्या वेगळ्या मोजा. टेपर बेअरिंग बसवणार असाल तर त्याची उंची मूळ कपाएवढी आहे का ते आधी पाहा, नाहीतर नटाला आटे उरत नाहीत. नट इतका घट्ट की चाक हवेत असताना हँडल मध्यापासून जरा ढकललं की आपोआप कडेला पडावं, पण चिमटा पुढे-मागे ओढला तर कणभरही खडखड नसावी.

पाइप बसवून खालची पकड घट्ट करा आणि दोन्ही पाइपांवर सपाट काचेचा तुकडा आडवा धरा. काच डुगडुगली तर टी पिळलाय. पकडी सैल करून पिळ काढता येतो का बघा. मग चाक लावा.

ब्रेक प्लेटची खाच बॉटमवरच्या उंचवट्यात बसलीच पाहिजे. दोनदा बघा. ती बाहेर राहिली तर पहिल्याच ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जागीच अडकतं. ॲक्सल घट्ट करण्याआधी मडगार्डचे बोल्ट सैल ठेवा, पुढचा भाग पाच-सहा वेळा दाबून पाइपांना आपली जागा घेऊ द्या आणि मग खालून वर क्रमाने सगळं आवळा.

चालवून जुळवणं

आधी पुन्हा सॅग मोजा. ५ मिमी जास्त असेल तर स्पेसर ५ मिमी लांब करा, कमी असेल तर तेवढाच कापा. पण २५-३० मिमी दाब देऊनही सॅग जुळत नसेल तर स्प्रिंगच मऊ आहे. तिथे स्पेसर वाढवत बसू नका, गाडी नुसती उंच होते.

मग ओळखीच्या रस्त्यावर, एकच गोष्ट बदलत चालवा. स्पीडब्रेकरनंतर पुढचा भाग दोन-तीनदा झुलतो: तेल पातळ आहे. एकामागोमाग खड्ड्यांत चिमटा हळूहळू खाली बसत जातो आणि वर येत नाही: तेल जाड आहे, त्याला परतायला वेळ मिळत नाही. मोठ्या खड्ड्यात तळाला आपटतो, पण एरवी ठीक आहे: तेलाची पातळी १० मिमी वाढवा. वर सुटताना टक् असा आवाज येतो: तेल कमी आहे किंवा रॉडवरची आखूड स्प्रिंग गेली आहे. ब्रेक सोडल्यावर हँडल थरथरतं: कोनसेट पुन्हा तपासा. घाटात वळणावर गाडी आत पडल्यासारखी वाटत असेल आणि पाइप टीतून वर काढलेले असतील तर ते ५ मिमी खाली घ्या. पाइप वर काढल्याने चिमटा उभा होतो आणि गाडी चपळ पण अस्थिर होते.

पहिलं तेल ५०० किलोमीटरला बदला. कितीही धुतलं तरी बॉटममध्ये अडकलेली झीज आणि पॉलिशची पूड पहिल्या काही दिवसांत सुटून तेलात येते. त्यानंतर १०,००० किलोमीटर किंवा वर्ष, जे आधी येईल ते. गाडी भर पावसात चालत असेल तर दिवाळीच्या आधी एकदा टोपी उघडून तेलाचा रंग बघा.